बाळंतिणीचा आमसुली अंगरखा

माझं पहिलं बाळंतपण माझ्या वडिलांनी केलं. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे?" म्हणजे असं की आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, मी एकुलती एक होते, आणि लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं एवढंच बाबांना ठाऊक होतं. माहेरी ते करायला कोण उरलंय, हा प्रश्न त्यांच्या लेखी नव्हताच.

मुलगी झाली ती मार्गशीर्षात, रत्नागिरीच्या दवाखान्यात, सिझर करून. नवरा बोटीवर होता. त्याची सुट्टी मार्चअखेर सुरू होणार होती, म्हणून सासूबाईंनी मांडवीच्या घरात सगळी तयारी करून ठेवली होती. खिडकीला जाड पडदा लावला होता, पाळणा धुऊन वाळवला होता, डिंकाचे लाडू वळून डब्यात भरले होते. सुनेचं बाळंतपण आपण करायचं हे त्या धरूनच चालल्या होत्या. आणि तिसऱ्या दिवशी बाबा थर्मासमधून तांदळाची पेज घेऊन दवाखान्यात आले आणि खुर्चीवर बसायच्याही आधी म्हणाले, "विहीणबाई, सोडलं की मी हिला पावसला नेतो. गाडी सांगून ठेवलीय."

सासूबाई बाळाचं दुपटं घडी करत होत्या. त्यांचे हात थांबले.

"अहो व्याही, पण तिकडे करणार कोण?"

"मी आहे की."

"तुम्ही?"

"बहीण येत्येय बुरोंडीहून. तेल लावणं, न्हाणं ती बघेल. खिरी, लाडू, मऊ भात मला येतो."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी बोलले नाही. टाके ओढत होते, आणि खरं सांगायचं तर मला माझ्या घरी जायचं होतं, जिथे मला कुठल्या फळीवर काय आहे ते विचारावं लागत नाही. त्यांनी दुपट्याची घडी पुरी केली, ते माझ्या उशाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं. मुलगी तुमची." मग त्या उगाचच खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पावसचं आमचं घर हापूसच्या बागेत आहे. कलमं पार अंगणाच्या कडेपर्यंत आलेली. थंडी पडली की कलमांना मोहोर धरतो, त्यामुळे बाबा वर्षभर जर कशाची वाट बघत असतील तर ती गारठ्याची. त्या साली गारठा चांगला होता. पहाटे जमिनीकडून गार मतलई वारा सुटायचा, कौलांवरून दव ठिबकायचं, आणि बाबा मफलर गुंडाळून अंगणात उभे राहून खूश व्हायचे. "असाच पंधरा दिवस राहू दे," असं ते झाडांना सांगितल्यासारखं मोठ्याने म्हणायचे. आत खाटेवर मी मुलीला छातीशी धरून कुडकुडत असायचे.

रत्नागिरीला कसली आलीय थंडी, असं पुण्याची माणसं म्हणतात. त्यांचं बरोबर आहे, आणि म्हणूनच आमच्याकडे थंडीचे कपडे नसतात. घरात एक शाल, एक मफलर आणि कॉलेजात असताना घेतलेला माझा एक स्वेटर, एवढाच काय तो साठा. शाल पाजायला बसलं की खांद्यावरून घसरायची. स्वेटर गळ्यातून घालायचा होता, म्हणजे दर वेळी तो खालून वर गुंडाळायचा. त्यात पोट आणि कंबर उघडी पडायची, आणि वर गुंडाळताना टाक्यांना असा हिसका बसायचा की डोळ्यांत पाणी यायचं. राहिले दवाखान्यासाठी घेतलेले दोन गाऊन. त्यांना पुढे चेन होती. ती धातूची चेन पहाटे बर्फासारखी गार पडायची, आणि मुलीच्या गालाला लागली की ती दचकून तोंड सोडायची आणि रडायला लागायची. मग मीही.

आत्या, म्हणजे बाबांची बुरोंडीला दिलेली थोरली बहीण, तिच्या परीने सगळं करत होती. तेल लावायची, कढत पाण्याने न्हाऊ घालायची, ओवा आणि बाळंतशेपाची धुरी द्यायची, कानाला घट्ट रुमाल बांधायची. पण कपड्यांचं काही म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं. "बाळंतिणीला कसलं गो नटणं? जुनंपानं घालावं. लोकांची दृष्ट पडत नाही." त्यामुळे मी तेच दोन गाऊन आलटून पालटून घालत होते, वरून मफलर, पायात बाबांचे मोजे. दुधाचे डाग वाळून कडक व्हायचे. मला स्वतःचा वास यायचा, आंबूस दुधाचा आणि धुरीचा. मूल पाळण्यात ठेवून आरशासमोर जायचं मी टाळत असे.

बाबांचा आणखी एक प्रकार होता. मुलगी रडायला लागली, मी तिला उचललं, की ते खाकरायचे आणि उठायचे. "मी जरा कलमांकडे जाऊन येतो." हातात चहाचा भरलेला कप असला तरी ते तसेच बाहेर जायचे. पहाटे बंब पेटवून ते आत येऊन माझ्याशी दोन गोष्टी बोलायला बसत, तेवढ्यात मुलगी जागी होई आणि ते परत त्या गारठ्यात निघून जात. दिवसातून किती वेळा ते कलमांकडे जात होते कोण जाणे. मला वाटायचं, बसा की हो. पण तसं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

एका रविवारी माझ्या शाळेतल्या मैत्रिणी मला भेटायला आल्या. मी रत्नागिरीत एका शाळेत भूगोल शिकवते. चौघीजणी होत्या, छान साड्या नेसून, केसांत अबोली माळून आलेल्या. त्यांना ओटीवर बसवलं, बाबांनी चहा ठेवला, मी मुलीला घेऊन त्यांच्यात जाऊन बसले. किती दिवसांनी शाळेचं काही ऐकत होते मी. कोणाची बदली झाली, कोणत्या वर्गाने काय गोंधळ घातला. मी हसायला तोंड उघडलं आणि मुलीने भोकाड पसरलं. तिच्या रडण्यासरशी मला पान्हा फुटला, गाऊनवर दोन ओले डाग पसरले.

"आत जा गो," आत्या पटकन म्हणाली.

मी आतल्या खोलीत गेले, दार लोटलं, चेन उघडली. मुलगी नीट पकडेना. बाहेरून हसण्याचा आवाज येत होता. कोणीतरी मुख्याध्यापकांची नक्कल करत होतं, ते मला ओळखू आलं. मुलीचं पिऊन होऊन ती झोपेपर्यंत खूप वेळ गेला. मग दारावर टकटक झाली आणि बाहेरूनच एकजण म्हणाली, "निघतो गं आम्ही, शेवटची एसटी चुकेल. काळजी घे हं." मी "हो" म्हटलं. ते तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

बाबा माझ्यासाठी ठेवलेली पोह्यांची बशी घेऊन आत आले तेव्हा मी रडत होते.

"काय झालं? टाके दुखतायत?"

"नाही."

"मग बाळाला काही..."

"नाही बाबा."

"मग काय होतंय, बाय?"

एवढं सगळं कसं सांगणार? आईला सांगितलं असतं. बाबांना मी म्हटलं, "मला थंडी वाजते."

त्यांनी बशी स्टुलावर ठेवली. माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेल्या त्या जुन्या स्वेटरकडे बघितलं. "एवढंच ना?" म्हणाले. "त्याचं बघतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते रत्नागिरीला गेले. जेवायच्या वेळेला परत आले ते बगलेत एक मोठं पुडकं धरून. चप्पल काढायच्या आधी त्यांनी ते माझ्या हातात दिलं. आत एक राखाडी स्वेटर होता, जाडजूड, चांगल्या लोकरीचा, पुढून बटणं असलेला आणि दोन्ही बाजूंना खिसे. पुरुषांचा.

मी तो गाऊनवर चढवला. बाह्या बोटांच्या पुढे गेल्या, खांदे दंडावर उतरले. ऊब मात्र होती. पुढून उघडत होता, त्यामुळे पोट झाकलेलं राहात होतं. आत्या तोंडाला पदर लावून बघत होती.

"कसा आहे?" बाबांनी विचारलं.

"छान आहे. गरम आहे."

"खरं सांग."

"बाबा, मी तुमच्यासारखी दिसतेय."

आत्याला हसू आवरेना. मग मलाही. हसताना टाके दुखत होते म्हणून मी पोट धरून हसत होते. बाबा आधी जरा ओशाळले आणि मग तेही हसले.

"पण तुम्ही मागितलंत तरी काय दुकानात?"

"म्हटलं, पुढून उघडणारा गरम स्वेटर दाखवा."

"मग त्यांनी विचारलं नाही, कोणासाठी हवाय?"

बाबा चपला काढायला खाली वाकले. वाकल्या वाकल्याच म्हणाले, "विचारलं. तिथे एक पोरगी होती काउंटरवर. म्हणाली, काका, कोणासाठी?"

"मग?"

"आता तिला काय सांगणार? म्हटलं, मलाच."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते माझ्या अजून लक्षात आहे. आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त अंगणाच्या पायरीवर येते. दुपारी मी पडले होते, खिडकी अर्धी उघडी होती. बाबा पायरीवर उभे राहून फोनवर बोलत होते.

"विहीणबाई, नमस्कार. होय, सगळं ठीक. बाळ अगदी उत्तम... नाही नाही, तसं काही नाही." मग ते खाकरले. "एक अडचण आहे. मला जमत नाहीये." पलीकडून त्यांनी काहीतरी विचारलं असावं. "कपड्यांचं. तिला गारठा लागतो, आणि ते बाळाला घेताना... म्हणजे उघडं पडायला होतं. नीटनेटकं काही नाही तिच्याकडे. चार माणसांत बसता येत नाही तिला. तिची आई असती तर तिने बघितलं असतं. मी बाजारात जाऊन आलो हो, पण मला मागताच आलं नाही."

मी उशीत तोंड घातलं. मला वाटलं होतं त्यांना फक्त थंडी ऐकू आली. आणि 'जमत नाही' हे शब्द मी बाबांच्या तोंडून तोवर ऐकलेच नव्हते. आई गेल्यावरसुद्धा ते म्हणाले नव्हते. स्वयंपाक, बाग, माझं लग्न, सगळं त्यांनी जमवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात रिक्षा थांबली. सासूबाई उतरल्या, आणि त्यांच्यामागून गोधडीत गुंडाळलेलं त्यांचं हातमशीन. "उतरवून घ्या हो व्याही, जपून, जड आहे," म्हणाल्या. दवाखान्यातून निघाल्यापासून त्या एकदाच येऊन गेल्या होत्या, पाहुण्यासारख्या, चहा पिऊन लगेच. आज त्या हातपाय धुऊन सरळ आत आल्या, नातीला उचललं, तिच्या मानेचा वास घेतला आणि मग मला म्हणाल्या, "ऊठ. उभी राहा बघू. कुठे गारठा लागतो ते दाखव."

मी दाखवलं. कंबर, पोट, पाठीचा खालचा भाग. चेन दाखवली. शाल कशी घसरते ते दाखवलं. त्यांनी कुठेही 'आमच्या वेळी' असं म्हटलं नाही. नुसत्या ऐकत राहिल्या आणि गळ्यात टेप टाकून मापं घेत राहिल्या. मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी खडूने आखलं. गुडघ्यापर्यंत लांब, आतून मऊ फ्लॅनेल, वरून जाड सुती कापड. छातीवर दोन थर. आतल्या थराला दोन्हीकडे उभ्या फटी, आणि त्यावर खांद्यापासून कमरेच्या वरपर्यंत येणारा आखूड दुसरा थर, जाकिटासारखा दिसणारा. तो थर जरा उचलला की बाळाला घेता येईल, आणि बाहेरून काही कळणार नाही. पोट झाकलेलंच राहील.

कापडं त्यांनी दोन आणली होती. एक बदामी आणि एक आमसुली.

"बदामी बरं," आत्या म्हणाली. "डाग दिसायचे नाहीत. आणि उठून दिसायला नको."

"मलाही तसंच वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

दारातून बाबांचा आवाज आला. "आमसुली घ्या. तिला आमसुली रंग शोभतो."

आम्ही तिघीही वळून बघायला लागलो. बाबांना बहुतेक आपण बोललो याचंच आश्चर्य वाटलं असावं. ते खाकरले आणि कलमांकडे निघून गेले. सासूबाईंनी बदामी कापड पिशवीत परत घातलं.

दोन दिवस घरात मशीन चालू होतं. विहीण व्याह्यांच्या घरी मुक्कामाला, हे आत्याला जरा विचित्र वाटत होतं, पण सासूबाईंच्या हातची सोलकढी प्यायल्यावर तिने ते बोलून दाखवणं बंद केलं. बाबा बंबाचं पाणी आता एका माणसाचं जास्त तापवत होते आणि मशीनसाठी उजेडाला म्हणून ओटीवरचं टेबल त्यांनी स्वतः खिडकीपाशी सरकवून दिलं होतं.

पहिल्यांदा घालून बघितला तो साफ फसला. दोन्ही फटी भलत्याच वर आल्या होत्या, आणि छातीवर कापड इतकं ताणलं गेलं की शिवणीचा टाका तुटल्याचा आवाज आला. सासूबाई टेप घेऊन पुन्हा मोजायला लागल्या आणि गोंधळल्या.

"अगं, परवा माप घेतलं ते हेच होतं का?"

"परवा माझं पाजून झालं होतं," मी म्हटलं. "आता तिची वेळ झालीय."

त्यांनी टेप खाली ठेवली. "तुझं माप घटकेघटकेला बदलतंय. आता मी शिवू तरी कोणत्या मापाचं?"

हे म्हणताना त्या इतक्या गंभीर होत्या की मला हसू फुटलं, मग त्यांनाही. आम्ही दोघी तशाच, मी अर्धवट अंगरख्यात अडकलेली आणि त्या टाचण्या हातात धरून, हसत राहिलो. माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं होत आली होती आणि आम्ही दोघी एकत्र अशा कधी हसलो नव्हतो. बाहेरून बाबांनी विचारलं, "चहा ठेवू का?" तर तेही आम्हाला फार विनोदी वाटलं.

तोडगा आत्याने काढला. ती मुलीला मांडीवर घेऊन झबलं बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "नाड्या लावा की. ह्या झबल्याला आहेत तशा. फुगलं की सैल सोडायच्या, उतरलं की आवळायच्या."

सासूबाईंनी झबल्याकडे बघितलं आणि लगेच कात्री उचलली. फटी उसवून खाली घेतल्या, बाजूची शिवण काढून तिथे कापड वाढवलं, आणि कमरेच्या वर दोन्हीकडून त्याच कापडाच्या नाड्या लावल्या, मागे नेऊन बांधायच्या. गंमत अशी झाली की नाड्या बांधल्यावर त्याला आकार आला. तोवर मी वरपासून खालपर्यंत एक सरळ पोतं होते. आता मला पुन्हा कंबर होती. बाह्या मनगटापर्यंत नेमक्या. गळा मागे थोडा उंच, त्यामुळे मफलरची गरज नाही.

बेसिनवर बाबांचा दाढीचा आरसा असतो. सगळे जेवत असताना मी त्यासमोर जाऊन उभी राहिले. केस गळत होते, डोळ्यांखाली काळं होतं, ते काही अंगरख्याने गेलं नव्हतं. पण आमसुली रंगाने चेहऱ्याला थोडी लाली दिली होती, आणि आरशातली बाई माझ्या ओळखीची होती. मी तिच्याकडे बघत राहिले. आतून फ्लॅनेलची ऊब पोटावर, पाठीवर सगळीकडे सारखी लागत होती. कुठूनही वारा येत नव्हता. इतके दिवस माझे खांदे कानांपर्यंत ओढलेले होते हे मला ते खाली आले तेव्हा कळलं.

बारसं आम्ही पावसलाच केलं. शेजारच्या बायका, सासरची चार माणसं, शाळेतल्या मैत्रिणी पुन्हा आल्या. संध्याकाळ होती, गार वारा सुटला होता, ओटीवर पाळणा बांधला होता. बोटीवरून नवऱ्याचा व्हिडिओ कॉल लागला. आत्याने अंगणाच्या पायरीवर उभं राहून तो फोन हातात धरून सगळ्यांना दाखवायचं काम घेतलं होतं. मी पाळण्यापाशी उभी राहिले तेव्हा त्याने मला बघितलं, पण रेंजचा घोळ असा की त्याचं "काय सुंदर दिसतेस गं" हे बोलणं पोचलं तेव्हा पडद्यासमोर आत्या आली होती. "मेल्या, आत्याला असं बोलतात?" ती ओरडली. त्या हसण्यातच मुलीचं नाव तिच्या कानात सांगून झालं.

नाव ठेवून होतं न होतं तोच मुलगी रडायला लागली. मी सवयीने आतल्या खोलीकडे वळले. सासूबाईंनी माझा हात धरला.

"कुठे चाललीस? बस इथेच."

मी ओटीवरच्या बाकावर बसले, मैत्रिणींच्या मध्ये. वरचा थर थोडा उचलला, मुलीला आत घेतलं, थर तिच्या गालापर्यंत सोडला. ती प्यायला लागली. कोणाचंही लक्ष नव्हतं. मैत्रीण मुख्याध्यापकांची नक्कल करत होती, आणि या वेळी मी समोर बसून ती बघत होते.

बाबा बाकाच्या पलीकडच्या टोकाला बसले होते, हातात पेढ्यांची थाळी. मी त्यांच्या खाकरण्याची वाट बघत होते. ते उठले नाहीत. त्यांनी थाळी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात सांगायला लागले की वरच्या अंगाच्या कलमांना मोहोर दाट आलाय, खालच्यांना तितका नाही, आणि फवारणी एकदा अजून घ्यावी लागेल. मी ऐकत होते. मुलगी चुटूचुटू पीत होती. मग त्यांनी हात पुढे करून अंगरख्याबाहेर आलेलं तिचं इवलं पाऊल धरलं आणि बोलता बोलता ते मुठीत धरून ठेवलं.

पुढे सासूबाईंनी तसे बरेच अंगरखे शिवले. पहिला आत्याने मागून घेतला, बुरोंडीच्या तिच्या सुनेसाठी. "तिकडे खाडीवरचा वारा किती लागतो तुम्हाला माहीत नाही," असं ती मागताना म्हणाली, आणि रंग उठून दिसणारा असू दे असंही. शाळेतल्या एकीसाठी निळा शिवला, शेजारणीच्या लेकीसाठी हिरवा. प्रत्येकीला त्या घरी बोलावतात, आणि माप पाजण्याआधी एकदा आणि नंतर एकदा असं दोनदा घेतात.

मी मांडवीला परत गेले तेव्हा फेब्रुवारी लागला होता. निघताना बाबांनी गाडीत लाडवांचे डबे ठेवले, मुलीला घट्ट धरलं, आणि मग सासूबाईंना म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही आलात म्हणून झालं." सासूबाई म्हणाल्या, "बोलावलंत म्हणून आले." एवढंच. पण त्यानंतर त्या दोघांचे फोन माझ्याशिवाय व्हायला लागले.

मांडवीला गेल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, चल, समुद्रावर जाऊन येऊ. मी म्हटलं, हिची प्यायची वेळ होईल. "मग तिथे पाज," त्या म्हणाल्या. आम्ही हळूहळू चालत किनाऱ्यावर गेलो आणि कट्ट्यावर बसलो. ऊन उतरलं होतं, खारा वारा जोरात होता, मुलं वाळूत क्रिकेट खेळत होती. मुलगी कुरकुरायला लागली तशी मी तिला आत घेतलं.

सासूबाई उठल्या आणि माझ्या दुसऱ्या बाजूला, वारा येत होता त्या बाजूला येऊन बसल्या.

"ह्याला घेऊन मी इथे पहिल्यांदा आले ना," त्या म्हणाल्या, म्हणजे माझ्या नवऱ्याला घेऊन, "तेव्हा तो चालायला लागला होता."

"एवढ्या उशिरा? घर तर इथेच आहे."

"मध्येच भूक लागली त्याला तर बसू कुठे? माझ्या सासूबाई म्हणायच्या, घरातच बरं. वर्षभर मी लाटांचा नुसता आवाज ऐकत होते."

मी त्यांच्याजवळ थोडी सरकले. मुलगी पिऊन पिऊन झोपली होती, तोंड अर्धं उघडं, ओठांच्या कडेला दूध. मी नाडी सैल केली आणि उठायला लागले.

"बस गं," सासूबाई म्हणाल्या. "झोपलीय ना ती. बस अजून थोडा वेळ."